घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत मुलाची भेट थांबत नसते

घटस्फोटाच्या बातम्या येतात तेव्हा त्यातले आकडे कोटींचे असतात. इतके कोटी पोटगी, तितक्या कोटींचा फ्लॅट. त्या वाचून साध्या माणसाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की हे पैसेवाल्यांचं काम आहे, आपण यात पडलो तर संपलो. मी तालुक्याच्या कोर्टात विधी स्वयंसेवक म्हणून टेबलावर बसते. माझ्यासमोर येणाऱ्यांचे आकडे वेगळे असतात: एसटीचं भाडं, बुडालेली एक दिवसाची रोजंदारी, झेरॉक्सचे पैसे.

एकदा एक माणूस आला. हातात किराणा दुकानाची पिशवी, तिच्यात घडी घालून घालून मऊ पडलेले कागद. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, पोरगी मला ओळखेल का?" चौदा महिने त्याने मुलीला पाहिलं नव्हतं. आदेशाने मनाई होती का? नव्हती. बायकोने घटस्फोटाचा दावा टाकला होता, आणि याला वाटत होतं की निकाल लागला की मग मुलीचं बघतील. निकाल कधी, ते कोणी सांगत नव्हतं. भेटीचा अर्ज त्याने कधी केलाच नव्हता, कारण असा वेगळा अर्ज असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

हा लेख त्या चौदा महिन्यांसाठी आहे. पैसे नसल्यामुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान साधा अर्ज वेळेवर न केल्यामुळे होताना मी पाहिलं आहे.

एक भांडण, तीन कनेक्शनं

घरात वीज, पाणी आणि गॅस अशी तीन वेगळी कनेक्शनं असतात. एकाचं बिल थकलं म्हणून दुसरं कोणी तोडत नाही. मोडलेल्या लग्नाचं तसंच आहे. घटस्फोट म्हणजे नवरा-बायकोचं नातं कायद्याने संपवणं. पोटगी म्हणजे खर्चाची तरतूद. आणि तिसरा भाग मुलाचा. हे तिन्ही एकाच फाइलमध्ये असू शकतात, पण प्रत्येकाचा अर्ज वेगळा, निकष वेगळा आणि वेळही वेगळी.

मुलाच्या भागात दोन शब्द सतत कानावर पडतात. ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे राहणार, त्याचा डबा कोण भरणार, आजारी पडलं तर रात्री कोण जागणार. भेटीचा हक्क, ज्याला कोर्टात सगळे ॲक्सेस म्हणतात, तो ज्याच्याकडे ताबा नाही त्याच्यासाठी: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मुलाला भेटणं, फोनवर बोलणं, सुट्टीत काही दिवस आपल्याकडे ठेवणं. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचं आईपण किंवा बापपण संपत नाही.

तिसरा शब्द नैसर्गिक पालक, म्हणजे मुलाची जबाबदारी कायद्याने मुळातच ज्याच्याकडे असते तो. १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यात आधी वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई, असं लिहिलेलं आहे. यावरून अनेक घरांत "कायद्याने पोरगं बापाचंच" असं ठणकावून सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं, की इथे 'नंतर' याचा अर्थ वडील मेल्यावर असा घ्यायचा नाही. वडील प्रत्यक्षात मुलाकडे बघत नसतील तर आईच नैसर्गिक पालक ठरू शकते. त्याच कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असंही म्हटलं आहे. आणि कलम १३ या सगळ्याच्या वर बसतं: मुलाचं हित सर्वांत आधी.

ते हित म्हणजे काय, यावर वकील तासभर बोलू शकतात. मला १९७३ च्या रोझी जेकब निकालातली भूमिका पुरेशी वाटते: मुलं ही आईबापाच्या मालकीची वस्तू नाहीत आणि त्यांची खेळणीही नाहीत. म्हणून कोर्ट "मूल कोणाचं?" असं विचारत नाही. "या मुलाला काय लागतं?" असं विचारतं. तुमचा अर्जही याच प्रश्नाचं उत्तर देणारा हवा. "माझा हक्क आहे" या वाक्याने सुरू होणारे अर्ज मी बरेच पाहिले. "मुलगी दुसरीत आहे, दर रविवारी मी तिला पोहायला नेत असे" असं लिहिलेला अर्ज वाचला की न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर मूल उभं राहतं.

पत्र्याची शेड

घर बांधायला दोन वर्षं लागणार असतील तर माणूस दोन वर्षं उघड्यावर झोपत नाही. बाजूला पत्र्याची शेड टाकतो. कोर्टात या शेडला अंतरिम आदेश म्हणतात: शेवटचा निकाल लागेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, या कायद्यातला कुठलाही दावा चालू असताना मुलाचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबद्दल अंतरिम आदेश मागता येतो. भेटीची मागणीही यातच बसते. दावा बायकोने टाकलेला असो वा नवऱ्याने, अर्ज दोघांपैकी कोणीही करू शकतं. दावाच नसेल, नुसते वेगळे राहत असाल, किंवा हिंदू विवाह कायदा तुम्हाला लागू नसेल, तर १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. तो सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी आहे आणि त्यातही तात्पुरत्या आदेशाची सोय आहे. हा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात.

अर्जात काय मागायचं, इथे बहुतेक जण चुकतात. "मुलाला भेटू द्यावे" एवढंच लिहितात. आदेशही मग तसाच मोघम येतो आणि पहिल्याच रविवारी भांडण होतं. वार लिहा. किती वाजता ते किती वाजता, ते लिहा. जागा लिहा: कोर्टातली मुलांची खोली, एखादी बाग, आजीचं घर. मूल कोण आणणार, कोण नेणार? गणपती-दिवाळीचे दिवस कसे वाटायचे? उन्हाळ्याच्या सुट्टीत किती दिवस? आणि फोन. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सांगितलं, की प्रत्यक्ष भेटीबरोबर फोन, व्हिडिओ कॉल अशा मार्गांनी मुलाशी बोलण्याचा हक्कही द्यायला हवा. दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या, महिन्यातून एकदाच भाडं परवडणाऱ्या बापासाठी किंवा आईसाठी हा आदेश फार मोलाचा आहे. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता पंधरा मिनिटं, एवढं जरी कागदावर आलं तरी मूल तुमचा आवाज विसरत नाही.

वर्षभर तोंड पाहिलेलं नसेल तर एकदम "शनिवार-रविवार मुक्कामी पाठवा" असं मागू नका. आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग मुक्काम. अशी चढती मागणी कोर्टाला पटते, आणि मुलाला तर ती हवीच असते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व आहे आणि त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. तिथे अर्ज केला की पॅनेलवरचा, म्हणजे त्यांच्या यादीतला वकील मिळतो. कोर्ट फी, समन्सचा खर्च, कागद तयार करणं, नकला काढणं हेही या मदतीत येतं.

कोणाला मिळते? इथे एक गैरसमज इतका घट्ट आहे की मी रोज तो सोडवत बसते. बाईला उत्पन्नाची अट नाही. पगारदार असो, शेतमजूर असो, माहेर सुखवस्तू असो, बाई म्हणून ती पात्र आहे. मुलंही पात्र आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्न विचारलं जात नाही. बाकीच्या पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. रोजंदारीवर जाणारा, रिक्षा भाड्याने चालवणारा, दुकानात कामाला असलेला बाप यात सहज बसतो. "मोफत वकील फक्त बायकांना" हे खरं नाही.

घरून चौकशी करायची तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. जाताना आधार कार्ड, लग्नाचा काही पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि कोर्टातून आलेला कागद असेल तर तो सोबत न्या. सगळं नसलं तरी जा.

कौटुंबिक न्यायालयाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. १९८४ च्या कायद्याने तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क धरलेला नाही. कोर्टाची परवानगी घेऊन वकील येतो. म्हणजे हे कोर्ट मुळातच माणसाने स्वतः उभं राहून बोलावं म्हणून बनवलेलं आहे. समुपदेशक तिथेच असतात, त्यांना फी नसते. भेटीची तात्पुरती व्यवस्था कित्येकदा त्यांच्याच खोलीत ठरते. समुपदेशनाची तारीख चुकवू नका. तिथे आरडाओरडा करून उठून जाणाऱ्याला पुढे ती व्यवस्था मिळायला फार वेळ लागतो.

पण फुकटचा वकील मन लावून काम करतो का?

लोक हे माझ्या तोंडावर विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. काही वकील उत्तम असतात, काही तारखेला फोन उचलत नाहीत. फी देऊन लावलेल्या वकिलांचंही असंच असतं, हे मात्र माणूस विसरतो. फरक असा, की पॅनेलच्या वकिलाची तक्रार करायला जागा आहे. काम होत नसेल तर त्याच ऑफिसात लेखी द्या आणि वकील बदलून मागा. पॅनेलच्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागितले तर तेही लेखी द्या. मागण्याची त्यांना मुभा नाही.

आपलं कामही आपण करायचं असतं. एक वही घाला. प्रत्येक तारखेला काय झालं, पुढची तारीख कोणती, भेटीला मूल आणलं की नाही, एवढ्या दोन ओळी पुरतात. ई-कोर्ट्सचं ॲप फोनवर फुकट मिळतं. तुमच्या प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. नुसती तारीख विचारायला एक दिवसाचा रोज बुडवू नका. समन्स मात्र टाळू नका. बेलिफाला "घरी नाहीत" सांगून आपण सुटलो असं वाटतं, आणि तिकडे प्रकरण एकतर्फी चालून निकाल लागतो.

"पैसे देत नाही, मग पोरगी का दाखवू?"

हा प्रश्न विचारणारी बाई चुकीची नाही, ती दमलेली आहे. चार घरची भांडी घासून शाळेची फी भरते, आणि तो रविवारी आईस्क्रीम घेऊन येतो आणि लाडका होतो. तिचा संताप मला पूर्ण समजतो. तरीही याचं उत्तर 'दाखवावी' असंच आहे. मूल हे उधारीपोटी ठेवलेलं तारण नाही. भेट ही बापाला दिलेली सवलत नसून मुलीची गरज आहे. आणि उलट बाजूने, "मला भेटू देत नाही म्हणून पैसे बंद" हेही तितकंच चुकीचं. मूल दिसो न दिसो, त्याला भूक लागतेच.

पैशांसाठी वेगळा रस्ता आहे आणि तो चांगला धारदार आहे. पोटगीचं जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. हे सर्व धर्मांना लागू आहे. तलाक झालेल्या मुस्लिम महिलेलाही हा मार्ग खुला असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. बाई जिथे राहते तिथेच अर्ज करता येतो, सासरच्या गावी जावं लागत नाही. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. म्हणून अर्ज लवकर करा. आदेश उशिरा आला तरी मधले महिने वाया जात नाहीत.

याच निकालाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. खरं लिहा. कर्जाचे हप्ते आणि आईच्या औषधांचा खर्चही लिहा. खोटं लिहिलेलं बँकेच्या पासबुकात सापडतं, आणि मग खरं बोललेलंही कोणी मानत नाही.

मला कामच नाही, पोटगी कशी देऊ, हा बापाचा प्रश्न. धडधाकट माणसाने मोलमजुरी करूनही बायको-मुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात म्हटलं आहे. त्यामुळे "बेकार आहे" हे उत्तर पुरत नाही. पण काम खरंच सुटलं असेल, अपघात झाला असेल, तर रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो. तो करा आणि तोवर जमेल तेवढे भरत राहा. पावती ठेवा, हातात रोख देऊ नका. गप्प बसून थकवलं तर वसुलीचा अर्ज येतो, प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही. वसूल करणाऱ्या बाईनेही लक्षात ठेवावं: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.

मूलच म्हणतं, मला नाही जायचं

सगळ्यांत अवघड जागा ही आहे. पालक व पाल्य कायद्याचं कलम १७ सांगतं, की समज येण्याइतकं मूल मोठं असेल तर त्याची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं. किती वर्षांचं, ते कायद्यात लिहिलेलं नाही. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून एकट्याने गप्पा मारतात. पढवलेलं मूल ओळखू येतं: सात वर्षांचं पोर "वडिलांनी आमचा मानसिक छळ केला" असं म्हणालं की ते शब्द कोणाचे आहेत हे सांगावं लागत नाही.

पण प्रत्येक नकार पढवलेला नसतो. मूल दोन घरांच्या मध्ये उभं असतं. बापाकडे हसत गेलं तर आई दुखावेल, आईकडे हसत परतलं तर बाप दुखावेल. म्हणून ते जाताना रडतं आणि परत येतानाही रडतं. दोन्ही पालक ते रडणं आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वहीत लिहून ठेवतात. असं करू नका. "जा, मजा कर, आल्यावर मला सांग" हे वाक्य ताबा असलेल्या पालकाने दारात उभं राहून म्हणणं, याला एक पैसा लागत नाही आणि मुलाच्या पोटातला गोळा यानेच सुटतो. भेटायला आलेल्याने "आई कोणाशी बोलते, घरी कोण येतं" हे विचारू नये. एकदा विचारलं की पुढच्या वेळी मूल आजारी पडतं.

मारहाण झाली असेल तर?

इथे माझं आधीचं सगळं म्हणणं मागे पडतं आणि सुरक्षितता पुढे येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्याच अर्जात घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. भेटीने मुलाला धोका असेल तर भेट नाकारण्याचा अधिकारही याच कलमात आहे. बाईसाठी १८१ आणि मुलासाठी १०९८ या हेल्पलाइन आहेत.

धोका मध्यम असेल, म्हणजे बाप दारू पिऊन येतो पण मुलावर हात टाकलेला नाही, तर भेट बंद करण्याऐवजी देखरेखीखाली मागा: कोर्टाच्या खोलीत, समुपदेशकासमोर. खोटा आरोप मात्र करू नका. तो उघडा पडला की उद्या खरा धोका आला तरी तुमचं ऐकणारं कोणी उरत नाही.

दोन घरभाडी परवडत नाहीत

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर परस्पर संमतीचा घटस्फोट सगळ्यांत स्वस्त. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. अट अशी, की किमान एक वर्ष वेगळे राहत असायला हवं. पण वेगळं राहणं म्हणजे वेगळं छप्परच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी प्रकरणात म्हटलं, की एकाच घरात असूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर ते वेगळे राहणं ठरू शकतं. दुसऱ्या खोलीचं डिपॉझिट जमत नाही म्हणून अडकलेल्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर योग्य प्रकरणात हा काळ कोर्ट माफ करू शकतं.

घाई मात्र संमतीच्या अटी लिहिताना नको. मी वाचलेल्या एका तडजोडीत लिहिलं होतं: "वडिलांना मुलाला योग्य वेळी भेटता येईल." योग्य म्हणजे कधी? त्या एका शब्दावर ते दोघं पुन्हा कोर्टात आले. आणखी एक वाक्य सर्रास दिसतं: "मुलाच्या खर्चाची मागणी आई करणार नाही." आपली पोटगी आई सोडू शकते. मुलाचा खर्चाचा हक्क तिच्या मालकीचा नाही, तो तिला सोडता येत नाही.

स्टॅम्प पेपरवर पंचांसमोर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट, असं समजून दुसरं लग्न केलेली माणसं अजून येतात. जमातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, नाहीतर त्या कागदाने लग्न मोडत नाही. खर्च वाचवायला म्हणून हा रस्ता धरला जातो आणि हाच सगळ्यांत महाग पडतो.

आदेश आहे, पण मूल आणतच नाहीत

पहिल्या वेळी भांडू नका. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेला जा, अर्धा तास थांबा, "मी आलो आहे, वाट बघतोय" असा एक साधा मेसेज करा आणि वहीत नोंद करा. कोर्टाच्या खोलीत भेट असेल तर तिथल्या नोंदवहीत सही करून या. दोन-तीन वेळा असं झालं की वकिलाला सांगून आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज करा. आपल्याकडे याला दरखास्त म्हणतात. चुकलेल्या भेटींच्या बदल्यात जादा भेटी मागा. शाळेच्या फाटकावर जाऊन मुलाला उचलून आणणं हा उपाय नाही. तो एक दिवस वर्षभराची मेहनत बुडवतो, आणि मूल त्या फाटकाशी पुन्हा कधी निवांत उभं राहत नाही.

ताब्याचा आणि भेटीचा कुठलाही आदेश कायमचा नसतो. मूल वाढतं, शाळा बदलते, आईची बदली होते, बापाला रात्रपाळी लागते. परिस्थिती बदलली की आदेश बदलून मागता येतो. म्हणून पहिल्या आदेशात सगळं मिळालं नाही तर खचू नका. रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलतात.

त्या किराण्याच्या पिशवीवाल्याचं सांगायचं राहिलं. त्याला पॅनेलचा वकील मिळाला, अंतरिम अर्ज झाला, समुपदेशकांसमोर दोन बैठका झाल्या. महिन्यातून दोन शनिवार, कोर्टातल्या खोलीत, एक तास, असं ठरलं. पहिल्या शनिवारी तो तासभर आधी येऊन बसला होता. मुलीसाठी फ्रॉक आणला होता, पिवळा. मुलगी आईचा पदर धरून दारात थांबली, मग हळूच आत आली. तिने फ्रॉक अंगाला लावून पाहिला. तो चांगला चार बोटं आखूड होता. शेवटचं पाहिलं तेव्हाच्या मापाने त्याने तो घेतला होता.

आई दारातूनच म्हणाली, "आता बत्तीसचा लागतो तिला." त्याने खिशातून आदेशाची नक्कल काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं: बत्तीस.